हायवे आणि खडीचा रस्ता, दोन्हीला चालेल अशी गाडी कोणती? खान्देशातल्या मंडळींचा सल्ला हवा

पांझराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी धुळ्याचा. सौर कृषीपंप बसवणाऱ्या ठेकेदाराकडे साइटचं काम बघतो, त्यामुळे दिवस गाडीवरच जातो. आठवड्यातून एक-दोनदा जळगाव, म्हणजे नव्या नंबरचा ५३ हायवे. बाकीचे दिवस दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा आणि तिथून वर धडगाव-मोलगीकडचे पाडे. वर गेलं की डांबर कुठे संपेल सांगता येत नाही. मग खडी, मुरूम, ओढ्यातल्या फरश्या.

सध्या १२५ सीसीची साधी गाडी आहे. हायवेवर ट्रक ओलांडायला घेतला की तो संपतच नाही, आणि वरच्या खडीवर पुढचं चाक हातात राहत नाही. उंची ५ फूट ६ इंच, अंगानं किरकोळ. मागे कायम टूलबॅग असते: मल्टिमीटर, क्रिम्पिंग टूल, पान्हे, वायरचं बंडल. कधीकधी हेल्परही मागे बसतो.

बजेट रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाख. मनात चार गाड्या आहेत: हिरो एक्सपल्स २१०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०, आणि सेकंडहँड मिळाली तर जुनी हिमालयन ४११. व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय. ते सगळे लडाख नाहीतर स्पिती दाखवतात. मला धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटाच्या पलीकडचं सांगणारा माणूस हवाय.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, एकदाच घ्या आणि हिमालयन ४५० घ्या. ४५२ सीसी, ४० पीएस, १७ लिटरची टाकी. हायवेवर ११० ला शांत चालते, ट्रक ओलांडायला गिअर खाली टाकावा लागत नाही. पुढे २१ इंची चाक, मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं, सीट ८२५ ते ८४५ मिलिमीटर वरखाली होते. धुळे-जळगाव हायवेवर कंटेनर शेजारून गेला की हलकी गाडी कशी डगमगते ते तुम्हाला माहीत आहे. वजनदार गाडीला तो त्रास कमी. बजेट थोडं ताणावं लागेल, पण परत पाच वर्षं बघायला नको.

केळीबाग_यावल

मी व्ही-स्ट्रॉम एसएक्स वापरतो, तिच्याबद्दलच बोलतो. २४९ सीसी, २६.५ पीएस, १६७ किलो. यावल-रावेरपासून इंदूरपर्यंत चालवली आहे, पाठ धरत नाही, समोरची काच वारा बऱ्यापैकी अडवते, अ‍ॅव्हरेज उत्तम.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्यूबलेस टायर. आपल्याकडच्या शिवार रस्त्यांवर बाभळीच्या काट्याइतका वैरी दुसरा नाही. बांधावरची बाभूळ छाटली की फांद्या चाकोरीतच पडतात. ट्यूबच्या गाडीत काटा घुसला की दोन मिनिटांत रिम जमिनीला. माझ्या टायरमध्ये काटा राहिला तरी मी घरी येतो, संध्याकाळी हवा बघतो, लागलीच तर भोकात पंक्चरची रबरी स्ट्रिप घालतो. चाक खोलायचं कामच नाही. एक्सपल्स आणि बऱ्याच हिमालयनला स्पोकची चाकं आणि ट्यूब आहे, हे आधी ध्यानात घ्या.

गिट्टीवाला

रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे, नंदुरबार जिल्ह्यात बरीच कामं केली. गाडीच्या आधी रस्त्याबद्दल सांगतो, कारण ‘कच्चा रस्ता’ म्हणून सगळे एकच समजतात आणि तिथेच गाडीची निवड चुकते.

खडीकरणाचा रस्ता थरांचा असतो. खालच्या थराची गिट्टी ४५ ते ६३ मिलिमीटरची, वरची जरा बारीक. तिच्यावर मुरूम, पाणी, रोलर. हे नीट झालं तर रस्ता डांबरीसारखा घट्ट बसतो, त्यावर कुठलीही गाडी चालेल. पण डांबर पडायच्या आत पाऊस आला की मुरूम वाहून जातो आणि गिट्टी उघडी पडते. मग ती चाकाखाली फिरते. तुमच्या १२५ चं पुढचं चाक हातात राहत नाही ते इथे. इथे चाकाचा घेर कामाला येतो: मोठं चाक दगडावर चढून जातं, लहान चाक त्याला धडकतं.

दुसरा प्रकार निव्वळ मुरमाचा. कोरडा असेल तर छान, पण उतारावर वरचा बारीक थर सुटा होतो आणि ब्रेक लावला की गाडी घसरते.

तिसरा फुफाटा. एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टरच्या चाकोरीत पिठासारखी धूळ साचते, खाली काय आहे दिसत नाही.

चौथी काळी माती. पावसाळ्यात तिच्यावर कुठलीच गाडी चालत नाही. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल भरतो, चाक फिरायचं थांबतं आणि माणूस काडीनं चिखल उकरत बसतो. मडगार्ड वर उचललेलं असेल तर दोन शेतं जास्त जाल, बस. त्या दिवसांत गाडी डांबरीवर लावून चालत जाणं हेच खरं.

सातपुड्यात तुम्हाला पहिला आणि दुसरा प्रकार जास्त, खाली तापीकाठी तिसरा आणि चौथा. आता ठरवा.

शहाद्याचं_गॅरेज

गिट्टीवाले साहेबांनी बरोबर सांगितलं. माझ्याकडे वरून येणाऱ्या गाड्या रोज खोलतो, म्हणून काय मोडतं ते सांगतो.

खडीवर रोज चालणाऱ्या गाडीचा पहिल्यांदा जातो तो कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. हँडल सरळ धरलं की मधोमध एक खाच लागल्यासारखी जाणवते. मग मागच्या शॉकअपची लिंकेज बुशिंगं, मग चेन स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. इंजिनाला काही होत नाही, लोक मात्र इंजिनाचीच चर्चा करतात. धुळीत चेनला जाड ग्रीस कधी लावू नका, ते धूळ धरून ठेवतं आणि कानशीसारखं दातेरी चाक खातं. चेन पुसून पातळ ल्यूब, तेही रात्री, म्हणजे सकाळपर्यंत आत मुरतं. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर ठेवू नका. आपल्याकडे निम्म्या अंतरावर उघडून बघायचा.

चाकांचं म्हणाल तर, अ‍ॅलॉय (ओतीव, बिनस्पोकचं) चाक खड्ड्यात धारदार दगडावर आपटलं की वाकतं नाहीतर तडकतं. तडकलं की ते ट्यूबलेस राहिलं काय आणि गेलं काय, हवा थांबत नाही. स्पोकचं चाक वाकलं तरी ठोकून, स्पोक ताणून घरी पोचण्याइतकं सरळ होतं. ते काम तालुक्याचा सायकलवालासुद्धा करतो. हिमालयन ४५० ला आता स्पोक असूनही ट्यूबलेस असं चाक मिळतं, पण पैसे जास्त.

आणि व्ही-स्ट्रॉमबद्दल एक. गाडी चांगलीच आहे, पण तिचं एबीएस बंद होत नाही. मुरमाच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला की पायाला नुसते धक्के बसतात आणि गाडी थांबायला वेळ घेते. केळीबाग भाऊ सपाटीवर चालवतात, त्यांना ते जाणवणार नाही.

पांझराकाठ

गॅरेजवाले दादा, गिट्टीवाले साहेब, हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. खूप आभार.

अडलंय इथेच: काट्यासाठी ट्यूबलेस पाहिजे आणि दगडासाठी स्पोक पाहिजे. दोन्ही मिळतं ते बजेटच्या बाहेर. काय सोडायचं?

धडगावच्या_बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पाड्यावरची शाळा, रोजचं येणं-जाणं माझं मीच गाडीवर करते. माझी उंची ५ फूट २ इंच. गाडी १०० सीसीची आहे. इथला प्रत्येक माणूस तशाच गाडीवर तीन जण आणि धान्याचं पोतं घेऊन फिरतो, तेव्हा वर जायला मोठं इंजिन लागतं हे डोक्यातून काढून टाका. स्प्लेंडरसारखी गाडी ११२ किलोच्या आसपास भरते. ती पडली तर मी उचलते. हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी असं शोधेन: गाडी कुठे बंद पडली तर मदतीला कोणी येणार नाही? सपाटीवर काटा घुसला तर पुढच्या फाट्यावर पंक्चरवाला आहे, नाहीतर शेतातला कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतो. वर मात्र पावसाळ्यात चांदसैलीत दरड आली की रस्ताच बंद, मोबाइलला रेंज नाही, आणि चार वाजल्यानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्या ठिकाणी जी गाडी तुम्ही एकटे उचलू शकता, एकटे ढकलू शकता आणि एकटे दुरुस्त करू शकता, ती तुमची गाडी. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो आहे. मागे टूलबॅग. उताराच्या बाजूला पडली तर एकट्यानं उभी करून बघा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओढ्याच्या फरशीवर एका साहेबांची मोठी गाडी आडवी झाली. पाणी घोट्याएवढंच होतं, पण फरशीवर शेवाळ. साहेब स्वतः दोनदा उभे राहायला गेले आणि दोन्ही वेळा पाय सटकला. शेवटी शाळेतली मोठी मुलं आणि मी मिळून गाडी ओढली. गाडीला काही झालं नव्हतं. फक्त तिथे आम्ही होतो म्हणून ती निघाली.

भुसावळ_जंक्शन

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण धागाकर्त्यांचा निम्मा प्रवास हायवेचा आहे हे विसरू नका. १०० सीसीवर मे महिन्यात धुळे-जळगाव करून बघा. ४४-४५ अंशांत माणूस हायवेवर जितका जास्त वेळ राहील तितका शिजतो. ताकद फक्त हौसेला लागत नाही. ओव्हरटेक लवकर संपला तर समोरून येणाऱ्याच्या तोंडी कमी वेळ राहतो.

पैशाचं मात्र मला दुरुस्त करून सांगायला हवं, हिशेबाचं काम करतो म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम स्वस्त झाल्या आणि ४५० महाग झाली. शोरूमची किंमतच तीन लाखांच्या पुढे, वर रोड टॅक्स आणि विमा. अडीच लाखात ती बसत नाही, आणि कर्जाचा हप्ता वाढवून घ्या असं मी म्हणणार नाही.

चाळीसगावकर

जुन्या ४११ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २४.३ बीएचपी म्हणजे आकडा छोटा, पण ३२ न्यूटन-मीटरचा जोर खालच्या आरपीएमलाच मिळतो. खडीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढते, क्लच जाळावा लागत नाही. ९० पर्यंत हायवेवर आरामात, त्यापुढे थरथर. कन्नड घाटात, पाटणादेवीकडे, गौताळ्यात भरपूर चालवली. वजन मात्र १९९ किलो, म्हणजे बाईंचा मुद्दा तिलाही लागू.

सेकंडहँड बघायला गेलात तर गॅरेजवाले दादा म्हणतात तो कोनसेट तपासाच. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटानं हळू फिरवा. मध्ये अडकलं की समजा. इंजिनाला दगडापासून वाचवणारी खालची बॅश प्लेट बघा, तिच्यावरचे ओरखडे मालकाच्या तोंडापेक्षा जास्त खरं सांगतात. सायलेन्सरजवळचा गंज, स्पोक वाजवून आवाज, सगळे एकसारखे वाजले पाहिजेत.

टायरबद्दलही थोडं. खडीसाठी म्हणून मोठ्या गुटक्यांचे टायर घालू नका. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर ते भराभर झिजतात, आणि पहिल्या पावसात ओल्या हायवेवर ब्रेक लावताना जीव मुठीत येतो. कंपनीतून येतात ते निम्मे-निम्मे टायर पुरेसे आहेत. फरक हवेनं पडतो. हायवेला कंपनीनं सांगितलेली हवा, आणि डांबर संपलं की पाच-सात पीएसआय कमी. हवा मोजायची ती सकाळी, थंड टायरची. दुपारी तापलेल्या टायरची मोजून कमी केली तर उद्या सकाळी ती फारच कमी भरेल. छोटा मीटर आणि हातपंप सोबत ठेवा.

केळीबाग_यावल

बाईंचं वाचून मी माझं मत थोडं बदलतोय. मी कधी एकटा अडकतच नाही, माझ्या शिवारात हाक मारली की माणूस येतो. त्यामुळे मला काटाच मोठा वाटतो. वर जाणाऱ्याचं गणित वेगळं असणार. तरी ट्यूब घेणारच असाल तर पंक्चर काढायला हातानं शिका, एवढंच म्हणेन.

गिट्टीवाला

सामानाबद्दल कोणी बोललं नाही. टूलबॅग मागच्या कॅरिअरवर उंच बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर भरकटतं. तुमच्या १२५ चा अर्धा त्रास तोच असेल. जड सामान दोन बाजूंच्या बॅगांत, शक्य तितकं खाली आणि पुढे. पान्हे खाली, वायर वर. हेल्पर मागे असेल तर खडीच्या उतारावर त्याला उतरवून चालायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

पांझराकाठ

मंडळी, थोडं फिरून आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

व्ही-स्ट्रॉम आणि एक्सपल्स २१० दोन्ही चालवल्या. शोरूमवाले गल्लीतच फेरी मारायला देत होते. मी माझी टूलबॅग बांधूनच गेलो होतो आणि लळिंगच्या बाजूला खडीचा तुकडा आहे तिथे नेऊ द्या म्हणालो. एका ठिकाणी नाही म्हणाले, मग मित्राची गाडी मागितली.

व्ही-स्ट्रॉम हायवेला खरंच जास्त बरी. मोकळी, स्थिर, ८०-९० ला इंजिन जाणवतसुद्धा नाही. खडीवर मात्र १९ इंची चाक गिट्टीच्या कडेला लागलं की हँडल मनगटात झटका देतं. एक्सपल्सचं २१ इंची चाक त्याच जागेवरून सरळ चढून गेलं. फुटरेस्टवर उभं राहिलो, गुडघ्यांनी टाकी धरली, हँडल सैल सोडलं, गाडी खाली नाचत राहिली पण जायचं तिकडेच गेली. २४.६ पीएस आहे, सहा गिअर आहेत, हायवेला ९० ची चाल मला पुरते.

मग बाईंनी सांगितलेलं करून बघितलं. मित्राच्या परवानगीनं त्याची गाडी शेतातल्या मऊ मातीवर आडवी ठेवली. आधी गिअरमध्ये टाकली म्हणजे उचलताना घरंगळणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडायचा. हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची पकड, आणि पाठ न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत गेलो. १६८ किलो आहे, दम लागला, पण उभी राहिली. बॅग बांधूनही राहिली. ओळखीतल्या एकाच्या हिमालयन ४५० वर तेच करून बघितलं. बॅग काढल्यावर कशीबशी उठली, बॅग असताना नाही.

एक्सपल्स २१० बुक केली आहे. आई म्हणाली पाडव्याच्या मुहूर्तावर आणा, तर तेव्हा घरी येईल. गॅरेजवाले दादा, आता ट्यूबचं काय ते नीट सांगा.

सारंगखेडा_पूल

अभिनंदन भाऊ! गाडी लेवानी शे ना, मंग पहिले बसी दखा, हाईच खरं. घोडाबाजारातसुद्धा आम्ही असंच करतो.

धडगावच्या_बाई

अभिनंदन दादा. सीट ८३० मिलिमीटर आहे, तुमच्या उंचीला टाच पूर्ण टेकणार नाही. उतारावर थांबताना डोंगराकडचा पाय टेकवायची सवय आत्तापासून लावून घ्या, दरीकडचा नको. आणि सोबत पाणी जास्त ठेवा. वरच्या हातपंपांवर उन्हाळ्यात भरवसा नाही.

शहाद्याचं_गॅरेज

अभिनंदन. लिहून घ्या.

सोबत ठेवायला: दोन छोटे टायर लिव्हर, पुढच्या-मागच्या एक्सलचा पान्हा, पॅच आणि सोल्युशन, हातपंप, आणि एक नवी ट्यूब, ती पुढच्या २१ इंची चाकाची. छोट्या गावात २१ ची ट्यूब मिळत नाही. मागचं चाक १८ इंची आहे, पण अडचणीच्या वेळी २१ ची ट्यूब मागे घडी न पडू देता बसवून गॅरेजपर्यंत येता येतं. उलट जमत नाही. म्हणून एकच न्यायची तर पुढची.

काटा निघाला असं समजून नवी ट्यूब घालणारे रोज बघतो. टायरच्या आतून बोटं फिरवू नका, हाताला टोचेल. सुती चिंधी घ्या आणि टायरच्या आतल्या बाजूनं पूर्ण गोल फिरवा. जिथे चिंधी अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. बाभळीचा काटा आत मोडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. पकडीनं आतून ओढा. एक सापडला म्हणून थांबू नका, गोल पूर्ण करा, बहुतेक वेळा दुसरा असतो. ट्यूब घालण्याआधी तिच्यात गोल होईल इतकीच हवा भरा म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटचा भाग बसवताना समोरची बाजू गुडघ्यानं रिमच्या खोलगट भागात दाबून धरा, जोर लागणार नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला कुठेही गेलात तरी स्पोक ताणून घ्या आणि कोनसेट बघायला सांगा. नवीन गाडीचे स्पोक पहिल्या काही दिवसांत थोडे सैल होतात. हँडगार्ड आणि रेडिएटरला जाळी पहिल्याच दिवशी लावा, ट्रकच्या मागून उडालेली गिट्टी नेमकी तिथे लागते. गाडी आली की शहाद्याला या. चाक काढून घालायचं एकदा माझ्यासमोर तुमच्या हातानं करा, मग वर जा.

पांझराकाठ

येतो दादा. पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी शहाद्यात साइट आहे, सकाळी लवकर गॅरेजवर पोचतो. चिंधी आणि पकडी घेऊन येतो, लिव्हर तुमच्याकडूनच घेईन.